खालून पाहिलेला चेहरा

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप हनुवटीकडे जातो. तेव्हा मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात गुन्ह्यांचा तपास पाहणारा निरीक्षक होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. त्यांतले बरेच जण अजून त्याच रस्त्याने भाजी आणायला जातात.

दुपारी साडेचारला ठाणे अंमलदाराने मला केबिनबाहेर बोलावलं. टेबलापाशी एक बाई औषधाची बाटली हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांची सहा वर्षांची मुलगी सोसायटीच्या गेटपाशी खेळत होती, ती अर्ध्या-पाऊण तासापासून दिसत नव्हती. बाई रडत नव्हत्या. मुलीला फिट येते, सकाळी आठ आणि रात्री आठ हे औषध द्यावंच लागतं, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. एखादा डोस चुकला तर काय होतं, असं मी विचारलं. मागे दोन डोस चुकले तेव्हा चार दिवस आयसीयूत काढावे लागले, असं त्या म्हणाल्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि नंतरचे चोवीस तास त्याच्याकडेच पाहत राहिलो.

अपहरणाचा गुन्हा नोंदवला, नियंत्रण कक्षाला कळवलं, पथकं रेल्वे स्टेशनला आणि रिक्षा स्टँडवर धाडली. मूल नाहीसं झालं की आधी घरच्या माणसांना विचारायचं, हा आमचा रिवाज. वडील अंधेरीच्या ऑफिसातून धावत आले. कोणाशी भांडण, वैर? दोघांनीही नाही म्हणून मान हलवली. लोक खोटं बोलतात असं नाही, पण आपण कोणाचं वाईट केलंय हे माणसाला खरोखरच आठवत नाही.

गेटवरच्या कॅमेऱ्यात एक पुरुष दिसला. तीन वाजून पन्नास मिनिटांनी मुलगी त्याचं बोट धरून, उड्या मारत त्याच्याबरोबर गेली. म्हणजे ओळखीचा. पण कॅमेरा उंचावर होता, त्यामुळे दिसली ती टोपी आणि दोन खांदे. पुढच्या वळणावर कॅमेराच नव्हता.

चेहरा पाहणारं एकच माणूस होतं, गेटसमोर फुलं विकणारी मावशी. मूळची मालवणकडची, वीस वर्षं त्याच जागी गोणपाट टाकून बसलेली. त्या माणसाने जाता जाता तिच्याकडून मुलीसाठी चाफ्याचं फूल घेतलं होतं. मावशीला जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं, माझ्या समोरच्या खुर्चीत बसवलं आणि मास्तरांना फोन केला.

हे मास्तर आमच्या हद्दीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. संशयिताचं रेखाचित्र हवं असलं की मी त्यांना बोलावत असे. संगणकावर नाक-डोळे जुळवून चेहरा बनवायची सोय होती, पण त्यातून निघालेले सगळे आरोपी एकमेकांचे चुलतभाऊ वाटायचे. मास्तर साक्षीदाराला नाक कसं होतं असं विचारतच नसत. नाकापासून ओठ किती लांब, दोन डोळ्यांच्या मध्ये तिसरा डोळा मावला असता का, असं विचारत. माणूस ओळखू येतो तो या अंतरांवरून, असं त्यांचं म्हणणं. पाऊण तासात चित्र तयार झालं. रुंद जबडा, वर उचललेलं नाक, ठसठशीत नाकपुड्या, टोपीखाली दोन बोटांचं कपाळ. मावशी प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होती. पूर्ण चित्र समोर धरलं तेव्हा मात्र म्हणाली, "असोच काय तरी." मास्तर जरा थांबले. त्यांना अजून अर्धा तास हवा होता. मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ते त्या संध्याकाळी मी बांधलं होतं. आई-वडिलांना चित्र दाखवलं. त्यांनी ओळखलं नाही. तासाभरात ते चित्र हद्दीतल्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होतं.

रात्रीचे आठ वाजून गेले. बाई बाटली मांडीवर घेऊन बाकावर बसून होत्या.

सकाळी सातला एका सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. चित्रातला माणूस आमच्याकडे पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायला येतो, म्हणाले. मालाडच्या त्याच्या खोलीवरून आम्ही त्याला उचललं. ठाण्यात आणला तेव्हा मी चित्र शेजारी धरून पाहिलं. जबडा तोच, नाक तेच. पस्तिशीचा, कंपनीच्या निळ्या शर्टातला, घाबरलेला माणूस. ती मुलगी राहत होती त्या इमारतीतही तो महिन्यापूर्वी येऊन गेला होता. माझ्या दृष्टीने गुन्हा उघडकीला आला होता. फक्त मुलगी कुठे आहे ते त्याने सांगायचं बाकी होतं.

संशयिताला भिंतीपाशी जमिनीवर बसवायचं आणि आपण समोर उभं राहायचं, ही आमची जुनी पद्धत. कोणी शिकवत नाही, बघून बघून येते. काल दुपारी तीन ते सहा कुठे होतास, एवढा एकच प्रश्न मी विचारत होतो. तो म्हणे कामावर होतो. कंपनीला फोन केला तर त्या वेळात त्याला काम दिलेलंच नव्हतं. पुन्हा विचारलं की मान खाली. खोटं बोलताना सापडलेला माणूस गुन्हेगारच असतो, असं मानण्याइतका मी नवखा नव्हतो. पण आठचा डोसही टळत होता, बाहेर सोसायटीचे लोक जमले होते आणि उपायुक्त साहेबांचा तिसरा फोन येऊन गेला होता. मी त्याच्या कानाखाली मारली. एकदाच मारली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत असे, जणू एकदा मारण्याला काही हिशेबात सूट असते.

मग त्याने सांगितलं. कंपनीला न सांगता त्याने बोरीवलीला एका बाईंच्या घरी खाजगी काम केलं होतं. कळलं तर नोकरी जाईल म्हणून गप्प होता. त्या बाईंचा फोन बंद लागत होता. शेजारी म्हणाले, पहाटेच गावी गेल्या. मला वाटलं, हीसुद्धा थापच.

ओळख परेड रीतसर व्हायची तर त्यात दिवस जातो. मी मावशीला बोलावून दारातूनच त्याला दाखवलं. हे नियमात बसत नाही, मला माहीत होतं. चित्र पाहिजे तसं झालं नाही म्हणून मास्तरही शाळेत न जाता आले होते, ते तिच्या मागे उभे होते. तिने नीट पाहिलं.

"साहेबानू, नाक असांच होतां. हनवटी पण अशीच होती," ती म्हणाली. "पण ह्यो तो न्हय."

मी चिडलो. घाबरतेस काय, तो तुला काही करणार नाही, असं म्हणालो. ती आपलं म्हणणं सोडेना. मास्तरांनी मला थांबवलं आणि तिला विचारलं, तो फूल घेत होता तेव्हा तू कुठे होतीस?

"बसलेलंय. आणि खंय असतलंय?"

मास्तरांचा चेहरा पडला. ते मला म्हणाले, "साहेब, जीप काढा. माझी चूक झालीय." जाणं म्हणजे अर्धा तास वाया, असं मी म्हणालो. ते म्हणाले की काल संध्याकाळपासून वेळ वायाच चाललाय.

गेटसमोर पोचल्यावर मास्तर मावशीच्या गोणपाटावर मांडी घालून बसले. मला समोर उभं केलं आणि खाली बघायला सांगितलं. माझ्या डोक्यात घड्याळ वाजत होतं आणि हा माणूस माझं चित्र काढत होता. पाच मिनिटांत त्यांनी कागद वर धरला. त्यात एक राक्षस होता. पहिलवानाचा जबडा, दोन बोगद्यांसारख्या नाकपुड्या, कपाळ जवळजवळ नाहीच. जीपमधून उतरलेल्या हवालदाराने मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, हा कोण? नवीन संशयित का?"

मला काय ते समजलं. खाली बसून वर पाहिलं की हनुवटी जवळ येते म्हणून मोठी दिसते, कपाळ लांब जातं म्हणून आखूड. मावशीने खोटं काही सांगितलं नव्हतं. तिने जे पाहिलं तेच सांगितलं. मास्तरांनी तिला खुर्चीत बसवून विचारलं आणि तो चेहरा समोरून पाहिल्यासारखा काढला. कॅमेऱ्याने त्या माणसाला वरून पाहिलं होतं, मावशीने खालून. समोरून कोणीच नाही. आणि त्या नसलेल्या चेहऱ्याचा एक जिवंत मालक आम्ही शोधून काढला होता.

आता मास्तरांनी मावशीला तिच्या जागी बसवलं. स्वतः शेजारी बसले आणि तिला जसा दिसला तसाच चेहरा, वर मान करून पाहिलेला, काढायला घेतला. मग हवालदाराला तो कागद उभ्या माणसाच्या डोक्याइतका उंच धरायला सांगितला. मावशीने वर पाहिलं आणि टोपली अंगाशी ओढून घेतली. काल ठाण्यात ती एकदाही दचकली नव्हती. "ह्योच," ती एवढंच म्हणाली.

त्यावरून समोरचा चेहरा काढायला मास्तरांना वीस मिनिटं लागली. या वेळी मी तोंडातून शब्द काढला नाही. जबडा निमुळता होत गेला, नाक साधं झालं, कपाळ वर चढलं. कालच्या चित्राशी या चेहऱ्याचा काही संबंध उरला नाही. लांबट, साधासुधा, सभ्य दिसणारा माणूस. ठाण्यात परतून कागद बाईंसमोर ठेवला. त्यांना क्षणभरही लागला नाही.

"हे तर व्हॅनवाले काका," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना पहिल्यांदा रडू आलं.

वर्षापूर्वी शाळेची व्हॅन चालवणारा. मोबाइलवर बोलत गाडी चालवतो म्हणून पालकांनी तक्रार केली होती, अर्जावर पहिली सही या बाईंची. त्याची व्हॅन बंद झाली. बाई ते विसरूनही गेल्या होत्या.

बाकीचं काम मग पोलिसांच्या नेहमीच्या पद्धतीने झालं. व्हॅनच्या ठेकेदाराकडून पत्ता मिळाला, खोलीला कुलूप होतं, पण शेजाऱ्याने चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा सांगितला. तिथे तो मोटारी दुरुस्त करणाऱ्या मित्राच्या मदतीला जात असे. मित्र गावाला गेलेला. आम्ही साध्या वेशात गेलो. शटर गुडघ्यापर्यंत खाली होतं. हवालदार वाकून आत शिरला आणि त्याने मला हाक मारली. मीही वाकून आत गेलो.

मुलगी जुन्या सीटवर निजलेली होती. अंग तापलेलं. सकाळी तिला एक फिट येऊन गेली होती. तो माणूस कोपऱ्यात बसून होता, पळालाही नाही. सोडणारच होतो, म्हणाला. हातातलं सगळं गेलं की कसं वाटतं ते त्यांना कळायला पाहिजे होतं. फिट आल्यावर मात्र त्याची वाट लागली होती. दवाखान्यात न्यावं तर पकडला जाणार, न न्यावं तर मुलगी जाणार, अशा पेचात तो सहा तास नुसता बसून होता. मुलीला थेट हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून तीन-चार तास गेले असते तर सांगता आलं नसतं. आदल्या संध्याकाळी मी मास्तरांना तो अर्धा तास दिला असता, तर कदाचित अख्खी रात्र वाचली असती. मुलगी वाचली. आता ती कॉलेजात जाते, असं ऐकतो.

पेपरात आमचं कौतुक आलं. सोडून दिलेल्या फिल्टरवाल्याबद्दल एक ओळही नव्हती. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण जाळणाऱ्याने ते म्हणून मोकळं होऊ नये. ग्रुपवरचं चित्र पाहून त्याच्या कंपनीने त्याला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं होतं.

पंधरा दिवसांनी मी साध्या कपड्यांत त्याच्या खोलीवर गेलो. याचा गुन्ह्याशी काही संबंध नाही, असं कंपनीच्या नावाने ठाण्याचं पत्र तयार करून घेतलं होतं. त्याच्या बायकोने पाणी दिलं. तो उभाच राहिला, मी बस म्हटलं तरी. माफीआधी पत्रच पुढे करावं, असं वाटलं. पत्र काढायला डायरी उघडली तेव्हा त्यातून मास्तरांनी गोणपाटावर बसून काढलेला तो कागद खाली पडला. तोपर्यंत मी तो अर्ध्या ठाण्याला दाखवला होता. माझ्या बायकोलाही दाखवला होता, ती म्हणाली होती हा कोणी दरोडेखोर असणार. एकानेही मला ओळखलं नव्हतं.

त्याच्या बायकोने कागद उचलला आणि हे कोणाचं चित्र, असं विचारलं. त्याने एकदा पाहिलं.

"साहेबांचं," तो म्हणाला. "मला असेच दिसत होते."

मी माफी मागितली, ती त्यानंतर. त्याने स्वीकारली की नाही, मला सांगता येणार नाही. पत्राने नोकरी परत मिळाली, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीच्या खोलीत सारख्या उंचीच्या दोन खुर्च्या ठेवायला लावल्या. सहकारी हसले. निवृत्त होईपर्यंत, जिथे जिथे बदली झाली तिथे मी पहिल्या दिवशी त्याच दोन खुर्च्या मागितल्या.

तो कागद आता घरी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. आलेला पाहुणा विचारतो, हा कोण. मी म्हणतो, मीच. त्याला पटत नाही. तेव्हा मी त्याला खाली सतरंजीवर बसायला सांगतो आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो.