आत्यानं अळीला खाऊ दिलेला घेवडा

अंबरपेठच्या आमच्या खोलीत चांगली शेंग कधी शिजली नाही. चांगली शेंग विकायला असायची. आईवडील गेल्यावर मला आत्यानं वाढवलं, विद्यानगरच्या गल्ल्यांतून डोक्यावर टोपली घेऊन घेवडा विकत. सकाळी ती एकेक शेंग उजेडाकडे धरायची, भोक दिसलं की अळी चिमटीत पकडून बाहेर काढायची. किडलेल्या शेंगांचा बरा भाग कापून आम्ही खायचो. त्यावर मी शाळा शिकले, मग शेतकी कॉलेज. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

गेल्या महिन्यात मी कॉलेजच्या प्रयोगाच्या प्लॉटवर असताना शेजारणीचा फोन आला, "अक्का, जल्दी आ जाव." आवाजावरूनच कळलं... आत्या गेली होती.

पीएच.डी.ला मी घेवड्याचाच विषय घेतला, तेव्हा आत्या हसली होती. "आयुष्यभर किडका घेवडा खाल्ला, आता त्यावर परीक्षा देतेस व्हय गं?" बारा वाण लावायचे आणि कोणता किडीपुढे टिकतो ते पाहायचं. पावसाळ्यात अळी शेंग पोखरते, थंडीत मावा चढतो. एका हंगामात तगलेला वाण पुढच्यात आडवा होतो, म्हणून लागोपाठ तीन हंगाम. औषध मारायचं नाही, कीड काढायची नाही, नुसती मोजायची.

पहिल्याच हंगामात मी दोन दिवस सेमिनारला गेले. झाडांना पाणी घालायला आत्या होती. परत आले तर तिनं अभिमानानं प्लास्टिकची पिशवी पुढे केली. आत वळवळत्या अळ्या. "बघ, सगळ्या ओळी साफ केल्या! एक ठेवली नाही."

मी नको ते बोलले. मार्गदर्शक मॅडम एवढंच म्हणाल्या, "हा हंगाम बाद, तीन हंगाम पुन्हा पहिल्यापासून. आता आणखी एक वाया गेला तर तुमची मुदत संपली." आत्या दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अळी दिसली अन् हात थांबंना माय. चाळीस वर्षांचा हात आहे..."

पुढच्या हंगामात ती स्वतःहून आली. दोन्ही हात पाठीमागे पदरात गुंडाळून ओळीतून चालायची, वाकून अळ्या मोजायची, आकडा ओरडून सांगायची, मी लिहायची. तिची नजर माझ्यापेक्षा तेज. मी सहा म्हटलं की ती म्हणायची, "नक्को, आठ. पानाखाली बघ, शिकलेले लोक वरूनच बघतात."

एकदा विचारलं, "पानाला हात लावू का? अळीला नाही लावत." लावला, अन् थबकली. "हे बोटाला धरतंय गं." त्या वाणाचं पान मी भिंगाखाली पाहिलं. बारीक आकड्यांसारखे केस, त्यांत मावा अडकून मेलेला! चार वर्षं पुस्तकं वाचून मला पानाला बोट लावून बघायचं सुचलं नव्हतं.

शेवटचा हंगाम मात्र तिला फार जड गेला. तिनं आयुष्यभर विकला तो लांब, कोवळ्या शेंगेचा घेवडाही आमच्या ओळींत होता, आणि त्या पावसाळ्यात अळीनं त्याची चाळण केली. ती त्याच ओळीपाशी उभी राहायची. डोळ्यांत पाणी, हात पाठीमागे. मी म्हटलं, "आत्या, तू घरी जा, मी मोजते." ती म्हणाली, "मी गेले तर मग तू रडशील, अन् आकडा चुकेल. लिही, एकवीस."

एकाही अळीला तिनं हात लावला नाही. ती असतानाच प्रबंध मुदतीत मंजूर झाला. तिचा आवडता वाण पडला आणि तिच्या बोटाला धरणाऱ्या खरखरीत पानाचा तीनही हंगाम टिकला.