‘येतो’ म्हणून निघालो होतो

दोस्तहो, आपला पॉडकास्ट आज संपलाच होता!

वरोऱ्यापासूनच्या सायकलप्रवासाचं सगळं रेकॉर्डिंग ज्या रेकॉर्डरमध्ये, तोच चामोर्शीत पंक्चरवाल्या चाचांकडे विसरलो आणि बाजारात कोंबडे पाहत बसलो. अंधार पडल्यावर आठवलं. धावत गेलो, तर दुकान उघडंच!

चाचा म्हणाले, "बेटा, तुह्या डब्ब्याचं लाल बटन दबलं माह्याकडून."

सगळं पुसलं की काय? कानाला लावून ऐकलं. जुनं सगळं शाबूत! शेवटी फक्त नवं बोलणं भरलं होतं. आधी चाचींचा आवाज: "काऊन थांबून राह्यले? करा ना दुकान बंद."

मग चाचांचा: "कसं करू? पोरगा 'येतो' म्हणून गेला ना."

निघताना मी तर सगळ्यांनाच 'येतो' म्हणतो. तुम्ही कोणाला म्हणून ठेवलंय?