रबराच्या पायावरची आंघोळ

माजा उजवा पाय गुडघ्याखाली न्हाई. त्यो गेला तवा मालक फौजेत ड्रायव्हर व्हते. जयपूरला शास्त्री नगरात खोली घेऊन ऱ्हायचो. मी बसमधनं उतरताना पडले, मागलं चाक पायावरनं गेलं. रडून पाय उगवनार व्हता का? तितल्याच दवाखान्यात पत्र्याची नळी आन् रबराचं पाऊल बसवून दिलं. पैल्यांदा त्यो पाय मंजी कुना दुसऱ्याचा. खाली बघून बघून टाकायचा. ती बघायची सवय कवा सुटली, ते कळलंच न्हाई.

मग लेक झाली. बाळंतपनाला साताऱ्याकडनं सासूबाई आल्या. आत्याबाई म्हनायचे मी त्यास्नी. पोरीला आंघोळ त्याच घालायच्या, आपल्याकडं घालत्यात तशी. पाय लांब करायचे, पोर नडग्यांवर, डोकं दोन्ही घोट्यांच्या मधी. जायची येळ आली तशा म्हनल्या, "पोरीला मी गावाला नेते. शेळीच्या दुधावर वाढवीन. तुझ्या त्या पत्र्यावरनं घसरली तर?"

मालक बुटाला पालिश करत बसले. एवढा मोठा ट्रक हाकनारा मानूस, आईम्होरं मुका.

मी पोरीला मांडीवर घेतलं. आन् म्हनलं, "आत्याबाई, उद्या मी घालते. तुमी पानी वता. घसरली तर न्या."

"बघ हां. मागनं रडायचं न्हाई."

सकाळी मोरीत बसले. पत्रा गार लागंल म्हनून वर जुन्या लुगड्याचं धडपं गुंडाळलं. पोरगी तेलानं बुळबुळीत. आत्याबाई वरनं धार धरत व्हत्या. साबन उडाला, माजं डोळं मिटलं. तेवढ्यात उजव्या पावलावर डोकं भायेरच्या अंगाला कललेलं कळलं. डोळं मिटलेलंच, आन् पाय आपसूक आत वळला. डोकं परत मधी.

तांब्या थांबला.

"तुला कसं कळलं गं?"

"पायाला कळलं."

"कुठल्या?"

"ह्या."

"त्यो रबराचा हाय, बये!"

"व्हय."

माज्याबी अंगावर काटा आला. कातडं न्हाई, शीर न्हाई, आन् लेकराचं डोकं कळलं.

पोरीला टोचायला नेलं तवा दवाखान्यात मराठी डॉक्टरीनबाई व्हत्या. आत्याबाईंनी त्यास्नी इचारलंच, "रबरात जीव येतो का हो?"

त्या हसल्या. "रबरात नाही, आजी. रोज वापरून वापरून सूनबाईंच्या मेंदूनं त्याला आपलाच पाय मानलंय. भार कुठं पडला, ते वरच्या उरलेल्या पायाला कळतं."

मी चौथी शिकलेली. पर घरी आल्यावर किती तरी येळ त्या पावलावर हात ठेवून बसले. माज्या डोक्यानं मला न इचारता त्याला घरात घेतलं व्हतं.

आत्याबाई एकल्याच गावाला गेल्या. ठेसनावर पोरीचा मुका घेतला, माज्याकडं बघितलं न्हाई. गाडी हालल्यावर खिडकीतनं वरडल्या, "टाळू भरत जा रोज!"