झुंबरबाईंचा गाऊन

पन्हाळ्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत कुणी काय घालावं, कसं बसावं आणि किती हसावं, हे बरीच वर्षं झुंबरबाईच ठरवत आल्या होत्या. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पण पायथ्याच्या वाडीवर गाडी थांबली आणि नऊवारीतल्या झुंबरबाई वर चढल्या, की आतल्या पोरी आपोआप सावरून बसायच्या. फाटकी जीन्स घातलेल्या एका कॉलेजकुमाराला त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "आईला ठिगळ लावायला सवड नसली तर माझ्याकडं दे बाळा." तो बिचारा पुढच्याच थांब्यावर उतरून गेला. त्याला तिथं उतरायचं नव्हतं.

घरातही हाच कायदा. सून निशिगंधा पन्हाळ्याच्या शाळेत शिक्षिका. लग्नानंतर ती पहिल्यांदा पिवळा पंजाबी ड्रेस घालून शाळेला निघाली, तेव्हा सासूबाई दारात आडव्या आल्या. "आमच्या घरातली बाई यष्टीत साडीवर बसती." तेव्हापासून निशिगंधा एका हातात निऱ्या आणि दुसऱ्या हातात डबा धरून गाडीत चढायची. तिसरा हात असता तर तिनं दांडी धरली असती.

पुढं झुंबरबाईंचा गुडघा बदलला. व्यायामासाठी दिवसाआड कोल्हापूरला जावं लागायचं. तिथली व्यायाम घेणारी मुलगी दर वेळी म्हणायची, "आजी, गुडघा बघू." आता नऊवारीतून गुडघा बाहेर काढायचा म्हणजे आधी कासोटा सोडा, निऱ्या आवरा, आणि व्यायाम झाला की पडद्याआड उभं राहून सगळं पहिल्यापासून नेसा. व्यायामापेक्षा नेसण्यानंच त्यांचा दम निघायचा.

"आत्ती, गाऊन घालून जावा की," एक दिवस निशिगंधा सासूबाईंना म्हणाली.

"खुळी का काय तू? गाऊन म्हंजे घरातलं. यष्टीत कुटं घालत्यात व्हय?"

खरं तर गाऊन एव्हाना घरातला राहिला नव्हता. आधी तो फक्त झोपताना असायचा. मग अंगणात आला. मग दूध घालायला डेअरीपर्यंत गेला, तिथून गिरणीपर्यंत. एवढा मुलूख जिंकून झाल्यावर एसटीचा थांबाच काय तो उरला होता. शेवटी एका सकाळी गुडघा असा काही ठणकला की झुंबरबाईंनी निळ्या फुलांचा गाऊन घातला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि त्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

गाडी आली. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना काहीच अडकलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. सुखच वाटलं म्हणा ना. पण वर पोचल्या आणि अख्खी गाडी आपल्याकडं बघतेय हे त्यांच्या ध्यानात आलं.

ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर शेजारच्या वाडीचे बाळासो बसले होते. तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर मोबाईल. त्यावर मोठ्या आवाजात कुस्ती चालू. त्यांनी चष्मा वर केला.

"वैनी, ह्ये काय? यष्टी हाय ही. न्हाणी न्हवं."

झुंबरबाईंचे कान तापले. दुसऱ्यांना सुनावलेलं सगळं एकदम आठवलं. "थांबवा गाडी, उतरतो मी" हे शब्द अगदी ओठावर आले होते. पण त्या गुडघ्यानं उतरणं चढण्यापेक्षा अवघड, म्हणून त्या दांडी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मावशी, बसा आदी," कंडक्टर सई म्हणाली आणि तिनं एका पोराला उठवून जागा करून दिली.

बाळासोंचं समाधान झालं नव्हतं. "अवो कंडक्टरबाई, काय नियम हाय का न्हाय? उद्या लोक आंगुळीला निघाल्यागत गाडीत येतील."

"नियम हाय की," सई म्हणाली. "तुमच्या म्होरंच लावलाय. वाचा मोठ्यानं, सगळ्यांना कळंल."

बाळासोंचा जन्म कचेरीत आदेश वाचून दाखवण्यात गेलेला. त्यांनी खाकरून खणखणीत सुरुवात केली. "धूम्रपान करू नये. गाडीत थुंकू नये. हात खिडकीबाहेर काढू नये. मोबाईलवर मोठ्या आवाजात..."

एवढं वाचून ते थांबले. मांडीवरचा मोबाईल मात्र थांबला नाही. "आणि पट काढलाऽऽ! पट काढलाऽऽ!" असं त्यातला माणूस बेंबीच्या देठापासून ओरडत होता. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी गाडीच हसायला लागली.

झुंबरबाईंना त्या हसण्यात आपला आवाज सापडला. "भावजी, माजं अंग गळ्यापास्नं घोट्यापत्तर झाकल्यालं हाय. तुमच्या त्या पैलवानाच्या अंगावर निस्ता लंगोट हाय, आनि त्यो तुमी सगळ्या गाडीला दाखवालाय!"

बाळासोंनी मोबाईल खिशात घातला आणि कोल्हापूर येईपर्यंत ते खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले. उतरताना मात्र झुंबरबाईंची पिशवी त्यांनीच खाली घेऊन दिली.

त्याच आठवड्यात गिरणीत बाळासोंच्या बायकोनं झुंबरबाईंना कोपऱ्यात गाठलं. "कुटं घेतलासा वो गाऊन? कापड मऊ दिसतंय. आमच्या ह्यास्नी सांगू नगासा."

घरी तर गाडीतली बातमी त्याच दिवशी झुंबरबाईंच्या आधीच पोचली होती. दुसऱ्या दिवशी निशिगंधा ट्रंकेच्या तळाचा पिवळा ड्रेस घालून दारात उभी राहिली. "आत्ती, जाऊ?"

झुंबरबाई खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. सवयीनं तोंड उघडलं. मग नजर आपल्याच अंगावरच्या निळ्या फुलांवर गेली आणि तोंड मिटलं. एकच काडी त्यांनी दोनदा निवडली.

"ओढणीला पिन लाव," त्या म्हणाल्या. "खिडकीत वारं लय असतंय."

पुढच्या महिन्यात कळंब्याला भाच्याचं लग्न होतं. निशिगंधा म्हणाली, "गाऊनवरच चला आत्ती, गुडघ्याला बरं."

"लग्नात गाऊन? काय जनाची न्हाय, मनाची तरी?" झुंबरबाईंनी कडक नऊवारी नेसली. गाडीत एक तरुण समोरच्या सीटवर पाय टाकून बसला होता. "पावणं, पाय खाली घ्या. तुमच्या घरची खाट न्हवं ती." त्यानं निमूट पाय घेतले. झुंबरबाई त्याच्या शेजारी बसल्या, आणि गाडी जरा पुढं गेल्यावर त्यांनी आपला बदललेला पाय समोरच्या त्याच सीटवर हळूच ठेवून दिला.

निशिगंधानं नुसत्या भुवया वर केल्या.

"बघतीस काय? नवा हाय त्यो," झुंबरबाई म्हणाल्या. "जपाय नको?"