औषध नव्हे, मुळ्या

आमच्या पासिर नीपा गावात जमालियाच्या अंगठ्याखालून गेली नाही अशी बाई शोधून सापडली नसती. तान्ह्या मुली पहिलं तेल तिच्याच मांडीवर लावून घ्यायच्या. बाळंतिणी सव्वा महिना तिच्या ताब्यात असायच्या आणि त्या काळात नवऱ्याला काही विचारायचं असेल तर तो आधी जमालियाचा मूड विचारायचा. सगळं गाव तिला माक सू म्हणजे धाकटी मावशी म्हणायचं. तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायकासुद्धा. मानेला हात लावताच तिला कळायचं की इथे सून अडकली आहे. मग मान सुटेपर्यंत ती सुनेची बाजू घेऊन बोलायची. बाई दुखण्याने ओरडते आहे की रागाने, हे शेवटपर्यंत समजायचं नाही.

अशा या बाईच्या हाताला एकाच माणसाने दाद दिली नाही, आणि तो नेमका तिचा नवरा होता.

देरामानने जन्मभर होड्या बांधल्या. होडी उभ्याने बांधता येत नाही. उकिडवं बसूनच फळ्या ठोकाव्या लागतात. सत्तरीला येईपर्यंत त्याच्या गुडघ्यांनी काम सोडलं होतं. जमालियाने तेलं बदलली, पाला बदलला, गरम दगड ठेवले. गुडघे काही ऐकेनात. मग एका शुक्रवारी मशिदीत त्याला मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. तिथे गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांची एक ओळच असते. देरामान घरी आला, गोकर्णीच्या फुलांनी रंगवलेल्या निळ्या भाताला हात लावला नाही, आणि म्हणाला, "खुर्चीवर बसून नमाज पढताना मला सारखं वाटतं, मी न्हाव्याकडे आलोय."

ती हसली, पण तिला झोंबलं. गावभरच्या बायका सरळ करणाऱ्या माक सूचा नवरा खुर्चीवर.

आठवडी बाजारात सुलोंग नावाचा गोळीवाला यायचा. त्याच्याकडे एक भोंगा होता आणि पिंजऱ्यात एक म्हातारा अजगर, जो जागा असलेला कोणी पाहिला नव्हता. अजगर, मधुमेह, नवऱ्याची ताकद आणि बायकोचा संशय अशा क्रमाने त्याचं भाषण चालायचं आणि शेवटी काळ्या गोळ्यांची बरणी वर यायची. नुसत्या मुळ्या, नदीपलीकडच्या जंगलातल्या. यात रसायन असेल तर माझी जीभ झडो, असं तो दर आठवड्याला सांगायचा. जीभ दर आठवड्याला शाबूत असायची, त्यामुळे लोकांचा विश्वास वाढतच गेला.

जमालियाने बरणी घेतली. दोन-तीन दिवसांत देरामान अंगणात उकिडवा बसून कोंबडीशी बोलताना दिसला. पुढच्या शुक्रवारी तो मशिदीत पहिल्या रांगेत होता, आणि नमाजाच्या शेवटी सलाम फेरताना मागच्या खुर्च्यांकडे जरा जास्तच वळून बघत होता म्हणे.

जमालिया त्या बरणीकडे काही दिवस सवतीकडे बघावं तशी बघत होती. चाळीस वर्षं मुरलेल्या आपल्या हातांना जे जमलं नाही ते या काळ्या वाटाण्यांनी करावं? पण नवरा चालत होता, हसत होता, दोन माणसांचं जेवत होता. मग तिने सवतीला बहीण मानलं. एवढंच नाही, तर ज्या बायकांचं दुखणं अंगठ्याने हटत नव्हतं त्यांनाही ती सुलोंगकडच्या बरण्या आणून देऊ लागली. शेजारची सेपिया त्यात पहिली.

देरामानचा चेहरा गोल झाला, गाल वर आले. मशिदीतले सोबती विचारायचे, काय देरामान, दुसरं लग्न ठरलंय का. जमालियाला ते ऐकून फार बरं वाटायचं. त्याचे हातपाय मात्र बारीक होत होते आणि जरा दाबलं की जांभळे डाग उठायचे. तेल लावताना कातडी कागदासारखी लागते हे तिच्या अंगठ्यांनी तिला सांगितलं होतं. ते तिने वयाच्या नावावर टाकलं.

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून निक अदलीना नावाची तरुण औषधतज्ज्ञ गावच्या सभागृहात आली. विषय होता, नोंदणी नसलेली औषधं. जेवण आहे असं आधीच जाहीर झाल्यामुळे पाय ठेवायला जागा नव्हती. पोरगी मन लावून बोलली. नोंदणी नसलेल्या औषधात काय काय मिसळलेलं असतं याची चित्रं तिने दाखवली, आणि शेवटी प्रश्नमंजूषा घेतली. औषध खरं आहे हे कसं ओळखाल?

सगळ्यात आधी जमालियाचा हात वर. खोक्यावर नोंदणीचा नंबर असतो, शिवाय चकचकीत कागद असतो, तो उजेडात हलवून बघायचा, आणि तो नसेल तर अशा औषधाला शिवायचंसुद्धा नाही. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. निक अदलीनाने तिला बिस्किटांची टोपली दिली आणि अशा जागरूक मावश्या गावोगाव हव्यात असं म्हणाली.

परत येताना टोपली सेपियाने धरली होती. चालता चालता तिने विचारलं, "माक सू, आपल्या बरणीवर तो चकचकीत कागद कुठं असतो हो?"

"अगं बये, तिथं औषधांचं चाललं होतं," जमालिया म्हणाली. "हे औषध थोडंच आहे? या मुळ्या. उद्या तू माझ्या आल्यालाही नंबर मागशील."

सेपिया एवढी हसली की बिस्किटांचा एक पुडा रस्त्यात पडला. विषय तिथेच संपला. सभागृहात अर्ध्याहून जास्त लोकांच्या घरी तशा बरण्या होत्या, आणि प्रश्नांची उत्तरं सगळ्यांना पाठ होती.

मग रमजान आला. जमालियाचा एक नियम होता: रोज्यांच्या महिन्यात अंगाला विश्रांती. ती स्वतः या महिन्यात जोरात रगडायची नाही, गरम पाला वापरायची नाही. मुळ्या उष्ण, रिकाम्या पोटी त्या आणखी तापणार. डॉक्टरचं औषध असतं तर पहाटेच्या सहरीच्या घासाबरोबर तिने ते न चुकता दिलं असतं. पण मुळ्यांना महिन्याची सुट्टी द्यायला कोणाला विचारायचं? पहिल्या रोज्याच्या आदल्या दिवशी तिने बरणी फडताळात वर ठेवून दिली.

आठवडा सरायच्या आत देरामानचा चेहरा राखेसारखा झाला. गुडघे तर परत आलेच, पण त्याहून वाईट म्हणजे त्याला भूक लागेना. इफ्तारला एक खजूर तोंडात घोळवत बसायचा. उठला की खांब धरायचा.

"अहो, सोडा रोजा. आजाऱ्याला सूट आहे," ती म्हणाली.

"आजारी कोण आहे? खुर्चीवर बसवलंत, आता रोजाही सोडायला लावा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला उलट्या झाल्या आणि तो उठलाच नाही. अंग थंड, घामाने भिजलेलं. सेपियाच्या जावयाने गाडी काढली.

जिल्ह्याच्या रुग्णालयात गर्दी होती. तरुण डॉक्टरने घाईघाईने पण नीट विचारलं, यांना कुठलं औषध चालू आहे? जमालिया म्हणाली, नाही. रक्तदाबाचं? नाही. दुकानातून आणलेलं एखादं औषध? नाही. तिने एकही उत्तर खोटं दिलं नाही. बिस्किटांची टोपली जिंकलेली बाई होती ती. औषध कशाला म्हणतात हे तिला माहीत होतं.

सलाईन लावलं, पण रक्तदाब चढेना. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकडची एक वयस्कर नर्स चादर बदलायला आली. तिने देरामानच्या गोल चेहऱ्याकडे बघितलं, मग त्याच्या काडीसारख्या दंडांकडे.

"मावशी, गुडघ्यांसाठी काय खायचे हे?"

"मुळ्या," जमालिया म्हणाली.

नर्सने चादर तिथेच टाकली आणि ती धावत गेली. डॉक्टर आला, सुई दिली, माणसं गोळा झाली. पण दोन दिवस अंगाने वाट बघितली होती, आता ते थकलं होतं. देरामानने मध्ये एकदा डोळे उघडून रोजा सोडायची, मगरिबची बांग झाली का विचारलं. झाली नव्हती. तो बांग होण्याआधीच गेला.

डॉक्टरने तिला बाकावर बसवून सांगितलं. त्या गोळ्यांत मुळ्यांबरोबर एक जालीम औषध मिसळलेलं असणार. दुखणं लगेच थांबतं ते त्याने. शरीराला जे स्वतः तयार करायचं असतं ते मग शरीर करायचं सोडून देतं, त्या गोळीच्याच आधारावर उभं राहतं. आधार एकदम काढला की माणूस कोसळतो.

तिने आपल्या हातांकडे बघितलं.

"म्हणजे मी खायला दिल्या म्हणून गेले, की बंद केल्या म्हणून?"

"दोन्ही, मावशी," तो म्हणाला. आणि मग विचारलं, आणखी कोण खातं? त्यांना एकदम बंद करू नका म्हणावं, इथं घेऊन या.

विधवेने इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस, घराबाहेर पडायचं नसतं. फार गरज असेल तरच. चौथ्या दिवशी जमालिया बाहेर पडली, तेव्हा आमच्या गावाने तोंडात बोटं घातली. ती घरोघर गेली. बायकांनी तिला बसवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिचं एक अक्षर ऐकलं नाही. ती म्हणायची, गोळ्यांनी मारलं. त्या म्हणायच्या, वेळ भरली होती, स्वतःला दोष देऊ नका. ती जेवढी समजावत होती तेवढ्या त्या जास्त प्रेमाने तिला थोपटत होत्या. एकीने तर घाबरून बरणीच ओढ्यात फेकली आणि अभिमानाने तसं सांगितलं. जमालियाने कपाळाला हात लावला आणि तिला तिथूनच रुग्णालयात पाठवलं.

सेपियाचा चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला होता. ती म्हणाली, दुःखाने तुमचं डोकं फिरलंय, माक सू. मी ईदनंतर जाईन की.

जमालियाने तिचं मनगट धरलं आणि अंगठा फिरवला. तीच कागदासारखी कातडी.

"जावयाला गाडी काढायला सांग," ती म्हणाली आणि सेपियाच्या पायरीवर बसली. येणारे-जाणारे थबकत होते. इद्दतीतली बाई भर दुपारी दुसऱ्याच्या दारात बसलेली कोणी बघितली नव्हती. सेपिया आतून विनवत होती, घरी जा, लोक काय म्हणतील. जमालिया उन्हात तशीच बसून राहिली.

शेवटी सेपियाने डोक्यावर ओढणी घेतली. पटलं म्हणून नव्हे, लोकलाजेस्तव. गाडीत बसताना ती रागाने बोलतच होती. गाडी वळणाआड गेल्यावर जमालिया खांब धरून उठली आणि पुढच्या घराकडे निघाली. त्या घरातल्या बाईने तिला येताना बघितलं आणि दार हळूच लावून घेतलं.