खिरापतीची जाहिरात

माझ्या सासूबाईंनी डोक्यात राख घालून घेतली ती एका पोस्टरमुळे. पोस्टर एका संग्रहालयाचं होतं, चांगलं रंगीत होतं आणि त्यात एक शब्दही खोटा नव्हता. तीच तर पंचाईत होती.

सासरे गेल्यावर सासूबाई सांगलीहून आमच्याकडे जयपूरला आल्या. नवरा बँकेत, बदलीवर आलेला, भाड्याचं घर सी-स्कीममध्ये. सासूबाईंना हिंदी येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "या वयात मला कुणाला भाषण द्यायचंय?" असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता. दूधवाल्याशी त्या सांगलीच्या मराठीत बोलत, तो त्याच्या बोलीत उत्तर देई आणि दूध मात्र बरोबर येई. बाकी वेळ त्या बाल्कनीत बसून कबुतरं हाकलत आणि दिवसाआड म्हणत, "मला आपलं सांगलीला सोडा. इथं मला काळं कुत्रं ओळखत नाही."

सांगलीचं घर बंद. गुडघे कामातून गेलेले. शेजारच्या बायकाही एकेक करून आपापल्या मुलांकडे पांगलेल्या. तिथे त्या एकट्या कशा राहणार, या काळजीनं नवरा टोलवाटोलवी करत राहिला. शेवटी सासूबाईंनी जेवण सोडायची धमकी दिली, तेव्हा त्याने दसऱ्यानंतरची तिकिटं काढली. त्यांना कायमचं पोचवून यायचं ठरलं. मला हायसं वाटलं, पण अंघोळीच्या खोलीत पडल्या तर तिथे ऐकणार कोण, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

त्याच सुमारास चारदीवारीतल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका छोट्या संग्रहालयाचं बोलावणं आमच्या मराठी मंडळाला आलं. जुनी हवेली, खाली तलवारी, वर पगड्या आणि घागरे, चौकात एक दगडी हत्ती. तिथे सारखं काहीतरी चालू असतं. कधी कठपुतळ्या, कधी लाखेच्या बांगड्या, कधी जुने फोटो. यंदा त्यांच्या डोक्यात आलं की बाहेरून येऊन जयपुरात राहिलेल्या लोकांनी आपापले सण चौकात करून दाखवावेत. बंगाली झाले, सिंधी झाले, नवरात्रात आमची पाळी आली.

आमचं मंडळ म्हणजे बँका, विमा कंपन्या आणि लष्करी छावणीतली बदलीची कुटुंबं. दर वर्षी निम्मी माणसं बदलून जातात, नवी येतात, भांडणं मात्र तीच राहतात. नवरात्रातल्या आपल्या फेराच्या खेळाला भोंडला म्हणायचं की हादगा की भुलाबाई, यावर एक अख्खी बैठक खर्ची पडली. पुणेकरणींचं संख्याबळ जास्त, म्हणून भोंडला ठरला. सासूबाईंनी घरी बसून या निर्णयाचा निषेध केला. संग्रहालयातल्या कार्यक्रमांचं बघणाऱ्या तरुण मॅडमनी मात्र वाद एका वाक्यात संपवला. "अच्छा, मतलब महाराष्ट्र का गरबा!"

पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात, हे ऐकून मॅडम खूश झाल्या. "हाथी तो हमारे पास है ना, ओरिजिनल!" फक्त त्या ओरिजिनलला हात लावायचा नाही, हळदकुंकू वाहायचं नाही, फुलं टाकायची नाहीत आणि भोवतीच्या लाल दोरीच्या आत यायचं नाही. एवढं सांभाळून हवी तेवढी भक्ती करा, अशी परवानगी मिळाली.

या सगळ्यात सासूबाईंना रस नव्हता. त्यांचे कान टवकारले ते खिरापतीच्या नावानं. हादग्याची गाणी संपली की झाकलेला डबा पुढे येतो आणि आत काय आहे ते ओळखल्याशिवाय कुणाला घास मिळत नाही. डबा कानाशी वाजवायचा, गोड की तिखट ते विचारायचं आणि नावं घेत सुटायचं. सांगलीत सासूबाईंची खिरापत आजतागायत कोणी ओळखली नव्हती. एका वर्षी त्यांनी साबुदाण्याच्या चकल्या चुरून गुळात वळल्या होत्या. बायका ओरडून ओरडून दमल्या, लहान पोरं भुकेनं रडायला लागली, पण सगळ्यांनी हात टेकेपर्यंत बाईंनी झाकण उघडलं नाही. ही गोष्ट त्या आम्हाला इतक्यांदा सांगत, की ती माझ्याच बाबतीत घडल्यासारखी वाटायची.

"खिरापत मी करणार," त्यांनी जाहीर केलं. "जाता जाता तुमच्या त्या मंडळाला कळू दे."

करायची होती लाल भोपळ्याच्या बियांची चिक्की. आणलेल्या प्रत्येक भोपळ्याच्या बिया त्या बाल्कनीत वाळवत, कबुतरांपासून राखत आणि नखांनी सोलत बसत. कुणी विचारलं तर म्हणत, औषधाला. डब्यात तिळासारखी वाजेल, वास शेंगदाण्याच्या चिक्कीचा येईल आणि बायका त्या दोन्हींत अडकून पडतील, असा डाव होता. मला आणि माझ्या नवऱ्याला चव घ्यायला एकेक तुकडा मिळाला, तोही शपथ घालून.

आणि मग संग्रहालयातून नवऱ्याला फोन आला. वर घागरे होते, पगड्या होत्या, मुंग्यांची धास्ती होती, त्यामुळे खाण्याचं काय आणणार हे मॅडमना हवं होतं. दुसरा कुणी असता तर "कोरडा खाऊ" म्हणून सुटला असता. पण माझा नवरा पडला बँकेचा माणूस. विचारलं की सांगायचं, आणि पूर्ण सांगायचं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्याने पदार्थ सांगितला, त्यात काय काय आहे ते सांगितलं, वर आईच्या हातच्या चवीचं कौतुकही केलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोस्टर येऊन पडलं. आगामी कार्यक्रम. हत्तीचा फोटो, आमच्या मंडळाचं नाव आणि खाली ठसठशीत अक्षरांत: विशेष व्यंजन, कद्दू के बीज की चिक्की. त्याखाली बायकांचे अंगठे आणि जीभ चाटणारे चेहरे.

सासूबाईंनी चष्मा लावून पोस्टर वाचलं. हिंदी बोलता येत नसलं तरी अक्षरं तीच. "कद्दू?" त्या म्हणाल्या. "माझ्या खिरापतीला कद्दू?"

"आई, त्यांनी विचारलं म्हणून मी..." नवऱ्यानं तोंड उघडलं.

"अरे, खिरापत सांगतात होय कुणी? उद्या कुणी विचारलं तर तिजोरीच्या किल्ल्या देशील?"

"ते वेगळं. किल्ल्यांचा नियम वेगळा आहे," तो म्हणाला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण उशीर झाला होता. सासूबाई उठल्या, आपली बॅग काढली आणि दसऱ्याला अवकाश असताना साड्या भरायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी 'मला सांगलीला सोडा' असं म्हटलं नाही, आणि न म्हटल्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

सकाळी मात्र त्या चहा पिता पिता अचानक म्हणाल्या, "ते पोस्टर काढायला सांगितलं नाहीस ना?"

"अजून नाही, पण आत्ताच फोन करते..."

"नको. राहू दे तसंच." त्यांचा चेहरा बघून मला कळेना की रडणार आहेत की हसणार. "मला बाजारात ने. जुन्या, दाटीच्या."

चारदीवारीत ई-रिक्षातून उतरल्या आणि गुडघे विसरून मसाल्यांच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. पोत्यापोत्यांतून हात फिरवत होत्या. एका पोत्यात सुकलेल्या, तपकिरी, सुरकुतलेल्या चकत्या होत्या. ती काचरी. इथल्या शेतात आपोआप उगवणारं छोटं आंबट फळ, वाळवून भाजीत नाहीतर चटणीत घालतात. सासूबाईंनी दुकानदाराला न विचारता एक चकती तोंडात टाकली. डोळे मिटले, अख्खा चेहरा आक्रसला, आणि मग हळूहळू त्यावर हसू पसरलं. इतक्या महिन्यांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"हे तुमच्या पुणेकरणींपैकी कुणी खाल्लंय?"

"छे. इथं राहून सगळ्या चितळ्यांची बाकरवडी मागवतात," म्हणणार होते, पण नुसतं "नाही" म्हणाले.

घरी आल्यावर काचरीची पूड झाली, कणकेत मिसळली, मिरी पडली, आणि आंबट-तिखट शंकरपाळ्यांचा घाणा निघाला. नवऱ्याला स्वयंपाकघरात यायला बंदी होती. त्याला खायला दिल्या त्याही डोळे मिटायला लावून.

कार्यक्रमाच्या दिवशी बायका नऊवार्‍या नेसून आल्या आणि लाल दोरीच्या बाहेरून फेर धरू लागल्या. मुलींना गाणी नीट येत नव्हती, त्या हिंदी वळणाचं मराठी गात होत्या. रखवालदार दगडी हत्तीवरची नजर हलवत नव्हता. सासूबाई गुडघ्यांमुळे चौकाच्या पायरीवर, मांडीवर डबा घेऊन बसल्या. शेजारी एक स्थानिक म्हातारी येऊन बसली होती, डोक्यावर ओढणी, पायांत जाड कडी. नातीला संग्रहालय दाखवायला आणलं होतं आणि तिचेही गुडघे बोलत असावेत.

गाणी संपली. सासूबाईंनी डबा एकदाच वाजवला. आणि सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, "भोपळ्याच्या बियांची चिक्की!"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

मॅडम धावत आल्या. "आंटीजी, परमिशन तो चिक्की की थी!" माझ्या नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. आता मात्र बायकांना चेव आला. चकली? नाही. शेव? नाही. कडबोळी, चिवडा, खारे शंकरपाळे? "काय घातलेले?" सासूबाईंनी विचारलं. ओवा, जिरं, मेथी, आमचूर, लिंबू, चिंच. नाही, नाही आणि नाही. पुणेकरणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हात टेकले. सासूबाई ताठ बसल्या, माझ्याकडे बघून डोळा बारीक केला आणि झाकणाला हात घातला.

तेवढ्यात शेजारची म्हातारी डब्याकडे नाक नेऊन शांतपणे म्हणाली, "काचरी है, बाईसा।"

मी घाबरले. सासूबाईंची खिरापत कुणीतरी ओळखली होती, आयुष्यात पहिल्यांदा, तेही सगळ्यांसमोर. एक काकू लगेच म्हणाल्या, तिने शंकरपाळ्या कुठे म्हटलं, काचरी म्हटलं, अर्धंच ओळखलं, धरायचं नाही. दुसरी म्हणाली, ती खेळातच नव्हती. मंडळात पुन्हा एक बैठक भरायची वेळ आली.

सासूबाईंनी सगळ्यांना हातानं गप्प केलं. "ओळखलं हिनं," त्या म्हणाल्या. "हरले मी." आणि पहिली शंकरपाळी त्यांनी त्या म्हातारीच्या हातावर ठेवली. ती म्हातारीने सावकाश चावली, विचार केला आणि मान हलवली. "थोड़ी कम है। घी में सेक के डालो।"

"काय म्हणते? कमी पडलीय?" सासूबाईंनी मला विचारलं.

"हो. आणि तुपात भाजून घाला म्हणतात."

"तरीच कडवट लागत होती जरा." त्यांनी म्हातारीकडे सरकून बसत बोटांनी मापं दाखवायला सुरुवात केली. ती तिच्या बोलीत बोलत होती, या सांगलीच्या मराठीत. मी भाषांतर करायला पुढे झाले, तर दोघींनीही मला हातानं बाजूला केलं. मला रडू आलं. इतके महिने मी या बाईला इंग्रजी गोळ्यांची नावं समजावत होते, मालिका लावून देत होते, आणि त्यांना हवं होतं ते कुणीतरी त्यांची चूक काढणारं माणूस.

"कुठं राहते विचार," बऱ्याच वेळानं माझी आठवण झाल्यावर त्या म्हणाल्या.

म्हातारी कानोत्याला राहत होती, जयपूरबाहेरच्या धरणाजवळच्या गावात. तिच्या शेतात काचरी होती, येऊन पाहा म्हणाली. "ताजी मिलेगी, सूखी में वो बात कहाँ।"

सासूबाईंनी नवऱ्याला हाक मारली. तो आता मॅडमना शंकरपाळ्यांत काय काय आहे ते सविस्तर सांगत होता. "अरे, त्या सांगलीच्या तिकिटांचं काय करतोस?"

"काय करू? दसऱ्यानंतरची आहेत."

"रद्द कर. मलाच जायला हवं, ही काय रोज रोज कानोत्याहून येणार आहे होय?"