रोजची एक सपाट वाटी

आमच्या काकूला अंड्याच्या आतलं दिसायचं. जादू वगैरे काही नाही. काकांचं अंड्यांचं दुकान होतं, दुकानाच्या मागे एक अंधारी खोली, तिथे पत्र्याचा डबा, डब्यात बल्ब आणि डब्याला रुपयाएवढं भोक. एकेक अंडं त्या भोकावर धरायचं, जरा फिरवायचं, की आतलं सगळं उजेडात. ताजं कुठलं, शिळं कुठलं, कुठे रक्ताचा ठिपका, कुठे केसाएवढी चीर. चांगलं ट्रेमध्ये, चिरलेलं पातेल्यात. चाळीस वर्षं ती त्या स्टुलावर बसून हेच करत होती. हात असा हलका की अंड्याला सुद्धा कळायचं नाही आपल्याला उचललं म्हणून. जिभेचं मात्र तसं नव्हतं हां.

दुकानाला लागून एका बाईचा भाजीचा ठेला. तिला सगळे पालकबाई म्हणायचे, कारण ती फक्त पालेभाजीच विकायची, दुसरं काही नाही. काकांना ती दादा म्हणायची आणि काकूला वहिनी. यांच्यात एक रीत पडून गेली होती, कोणी ठरवली नाही, पडली आपोआप. चिरलेलं अंडं गिऱ्हाईक घेत नाही. उरलेली जुडी सकाळपर्यंत मान टाकते. मग दुकान बंद करताना चिरलेली अंडी थोडी पालकबाईकडे, उरलेल्या जुड्या काकूकडे. दोन्ही घरांत रोज पाला आणि अंडी. काका म्हणायचे, "जगात ताजं लोक खातात, आपण उरलेलं खातो, आणि तब्येत बघा कोणाची चांगली!"

तर त्याच काकांना जिना चढताना दम लागायला लागला. दोन पायऱ्या चढले की भिंतीला हात. तपासलं तर हृदयाची झडप गेलेली. आता झालं! समोरचा शिंपी कात्री थांबवून म्हणाला, "रोज अंडी खाऊन दुसरं काय होणार? नसा तुंबतात." गिऱ्हाइकं सुद्धा तोंडावर म्हणायला लागली, आणि अंडी घेऊन जायची ती जायचीच. काकूच्या मात्र काळजात घुसलं ते. तीस वर्षं आपणच तळून घातली, आपणच नवऱ्याला मारलं, असं घेऊन बसली.

मोठ्या डॉक्टरांना तिने पदर तोंडाशी धरून विचारलं, "अंड्याने झालं का हो?"

डॉक्टर म्हणाले, "नाही हो बाई. लहानपणी ताप येऊन गेला असणार, सांधे सुजणारा, त्याने झडप खराब होते. त्यांना दिवसाला एखादं अंडं चालेल. सगळ्यांचं सारखं नसतं, पण यांचं कोलेस्टेरॉल बरं आहे."

ऑपरेशन झालं, नवी झडप बसवली, धातूची. खोली शांत असली की टिकटिक ऐकू यायची. काका सांगत सुटले, "घड्याळ गिळलंय, चावी हिच्याकडे आहे." लोक हसायचे. काकू नाही हसायची. ती टिकटिक मोजत बसायची.

अशा झडपेवर रक्त गोठू शकतं, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. आणि ती गोळी मोठी नखरेल. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं, त्याचा एक आकडा येतो, तो काकांच्या बाबतीत अडीच ते साडेतीनमध्ये पाहिजे. खाली गेला तर रक्त घट्ट, झडप अडकेल. वर गेला तर आत कुठेही रक्त वाहायला लागेल. घरी सोडताना सिस्टरने बजावलं होतं, "जेवणात एकदम बदल करू नका. पालेभाजी खात असाल तर रोज सारखीच खा." काकू म्हणाली, "आमचं रोजचंच असतं, बदल कसला?" खरंच तिला तसं वाटत होतं. खोटं नाही बोलली ती.

पहिला आकडा आला दीड. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या वेळी एक पॉइंट तीन. परत वाढवली. डॉक्टर चष्म्यावरून बघून म्हणाले, "काका, गोळ्या चुकवता का?"

काका लालबुंद. "मी? तीस वर्षं दुकान उघडायला पाच मिनिटं उशीर नाही केला मी!"

पण काकूच्या डोक्यात किडा शिरला. घरी येऊन ती गोळ्यांच्या पाकिटावर खुणा करायला लागली. काका गोळी तोंडात टाकायचे, की ही समोर उभी.

"आ करा."

"अगं घेतली ना!"

"जीभ वर करा."

"पोलीस आहेस का तू?"

"पोलीस सोडून देतो, मी नाही सोडणार. वर करा म्हटलं ना."

शेवटी काका रागाने दोन दिवस बोलले नाहीत तिच्याशी. आणि ती? भिऊन जास्तच पाला करायला लागली, कारण पाल्याने अंगात रक्त भरतं असं सगळेच सांगत होते. पालकबाईने पण ऑपरेशननंतर हात सैल सोडला होता. दोनाच्या जागी चार चार जुड्या द्यायची. "वहिनी, दादांना घाला, अशक्त झालेत." नेमका त्या दिवसांत बाजार पडलेला, जुड्या उरायच्या पण ढिगाने.

मग एका आठवड्यात उलटंच झालं. जवळच्या एका खाणावळीत मोठं गिऱ्हाईक आलं आणि पालकबाईचा सगळा माल सकाळीच उचलला जायला लागला. संध्याकाळी ठेला झाडून साफ. ती नुसते रिकामे हात दाखवायची. काकू म्हणायची, "असू दे, अंडी आहेत." सहाव्या की सातव्या दिवशी काकांनी दात घासले आणि बेसिन लाल. नाक शिंकरलं, रुमाल लाल. तशाच ओल्या हाताने काकूने काकांना रिक्षात घातलं. आकडा सहाच्या वर.

डॉक्टर ओरडले. म्हणजे आता जास्त गोळ्या खाता का? काकांनी काकूकडे बघितलं नुसतं. की बघ, आता हे.

तिथे एक सिस्टर होती रक्त काढणारी, जाडी, गोरी, कडक. तिने सुई काढून कापूस दाबला आणि सहज विचारलं, "काकू, काल जेवायला काय होतं?"

"नुसती अंडी. भाजी उरली नव्हती."

"उरली नव्हती म्हणजे?"

"म्हणजे सगळी खपली."

सिस्टरने कापूस सोडलाच नाही हातातून. "थांबा थांबा. परवा?"

"परवा पण खपली."

"आणि मागच्या वेळी आकडा कमी आला तेव्हा?"

"तेव्हा पुष्कळ उरायची. चार चार जुड्या. काही खपतच नव्हतं ना."

सिस्टर खुर्चीत बसली. म्हणाली, "अहो काकू, म्हणजे यांचं रक्त बाजार चालवतोय!" मग तिने समजावून सांगितलं. पाल्यात असं काहीतरी असतं की ते या गोळीच्या उलट काम करतं. पाला वाईट नाही, रोज खायलाच हवा, पण रोज तेवढाच. आज डोंगर आणि उद्या शून्य, असं केलं की गोळी बिचारी गोंधळते. काकू ऐकत होती आणि तिचं तोंड पांढरं पडत चाललं होतं. अंड्यावर ती इतके दिवस संशय घेत होती आणि अंडं बिचारं गरीब निघालं. अंडं दिव्यावर धरलं की चीर दिसते, माणसाला कुठे धरायचं? ती एवढंच म्हणाली, "मी त्यांना जीभ वर करायला लावली हो."

रिक्षात काका म्हणाले, "आता मी आ करू का तू माफी मागतेस?"

"मागते."

"जाऊ दे. रुमाल दे."

पालकबाईला सांगितलं तर तिने कपाळच बडवून घेतलं. "दादा, म्हणजे माझ्या जुड्यांनी?" काका म्हणाले, "तुझ्या जुड्यांनी नाही गं, तुझ्या मायेने." त्यावर ती अजूनच रडली. काकूने दटावलं तिला, "रडू नको, ऐक. आजपासून उरलेली नको. सकाळी टोपली उतरवलीस की पहिली जुडी यांची. एकच. कोणी सोन्याचा भाव दिला तरी विकायची नाही, आणि चार उरल्या तरी दुसरी द्यायची नाही."

आणि वाटी. स्टीलची, काठाला एक पोचा आलेली. शिजवलेला पाला तीत भरायचा, सुरीच्या पाठीने वरून सपाट करायचा, तेवढाच काकांच्या ताटात. वर एक अंडं. अकरा वर्षं. अकरा वर्षांत ती वाटी एकदा पण शीग लावून भरली गेली नाही आणि एकदा पण अर्धी नाही. नात्यातल्या लग्नात ती पिशवीत वाटी आणि डबा घेऊन जायची. लोक टर उडवायचे, काकू, मांडव सोडून हे काय? ती म्हणायची, तुमचं तुम्ही खा, माझं घड्याळ बंद पडेल. बाजार बंद असला की आदल्या दिवशी जीव नुसता खालीवर, दहा ठिकाणी चौकशी. एकदा तर रस्ते बंद होते तेव्हा ती दोन तास चालत जाऊन एक जुडी घेऊन आली आणि पाय टोपल्याएवढे सुजले. चेष्टा करायचो सगळे. ती चेष्टा आता आठवली की आमचीच आम्हाला लाज वाटते.

सिस्टर दर वेळी म्हणायची, "काकू, आलाच आहात तर तुमचं पण रक्त बघू."

"माझं काय बघायचंय? मी धडधाकट आहे."

तिची पाठ दुखायची. स्टुलावर बसून दुखते म्हणायची. घाम यायचा, बल्बने येतो म्हणायची. गेल्या महिन्यात दुकानामागच्या त्याच अंधाऱ्या खोलीत, हातात अंडं होतं, काका पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होते. आवाज सुद्धा आला नाही. काका ट्रे न्यायला आत गेले तर ती भिंतीला टेकलेली, बल्ब चालू, अंडं मांडीवर, न फुटलेलं.

मग घरात माणसंच माणसं. शेजारी डबे आणून देत होते, खीर, भात, वरण, मऊ मऊ. काका दोन घास खायचे आणि हात धुवायचे. गोळी मात्र घ्यायचे, तिने सवयच लावली होती. कोणाच्या म्हणजे कोणाच्या लक्षात आलं नाही. आम्हाला पण नाही. आठव्या दिवशी काकांच्या पुतणीने न्हाणीघरातला टॉवेल धुवायला घेतला तर त्यावर गुलाबी डाग. काका म्हणाले, "काही नाही, दात दुखतोय." दंडावर बघितलं तर बशीएवढा काळा-निळा डाग, कशाला आपटले ते त्यांनाच माहीत नाही. पुतणीने टॉवेल तिथेच टाकला. तशीच धावपळ करून नेलं.

सिस्टर तीच, केस पांढरे झालेले. आकडा सात. तिने काकांच्या मागे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि काय ते समजली. तरी तिला विचारायलाच लागलं. "काका, काल काय जेवलात?"

काका म्हणाले, "ज्याने त्याने आणलेलं."

दाखल करून घेतलं. गोळी बंद केली, औषध दिलं, दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन बॅटरीने डोळे बघून जायचं, की डोक्यात रक्त उतरलंय का. त्या दिवशी आम्ही बाहेरच्या बाकावर बसून काय काय नवस बोललो ते आता सांगता पण येणार नाही. एका घरातून दोन माणसं नको, एवढंच म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा उतरला आणि सोडलं. सिस्टर म्हणाली, "वाटी परत सुरू करा. भीतीने दोन वाट्या घालू नका. जेवढी होती तेवढीच. आणि सोमवारी या."

रिक्षा दुकानापाशी आली तर पालकबाई रस्त्यात आडवी. काकांचे पाय धरायला लागली. "दादा, मी रोज पहिली जुडी काढून ठेवली हो. पण रडत्या घरात भाजी घेऊन कशी येऊ? सगळे काय म्हणतील? म्हणून ठेवत गेले." ठेल्याखालून तिने टोपली ओढली. ओल्या फडक्यात नऊ जुड्या, ओळीने. आजची हिरवीगार, कालची जरा मऊ, मग पिवळी, आणि पहिल्या दिवशीची पार काळी, चिखल झालेली. एकही विकली नव्हती. फेकली पण नव्हती. ती सगळी टोपली काकांपुढे धरून उभी.

काकांनी एकेक जुडी बघितली. मग आजची उचलली. "एकच," म्हणाले. "वहिनीने सांगितलंय ना तुला."

घरी पुतणी म्हणाली मी करते. काका म्हणाले नको, मला शिकू दे. पाला चिरताना बोट कापेल म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून उभे, ते रक्त लवकर थांबायचं नाही. हळूहळू चिरला, शिजवला, अंडं फोडलं, टरफल आत पडलं ते चमच्याने काढलं. पोचा आलेली वाटी भरली. मग सुरीची पाठ वरून फिरवली, एकदा, परत एकदा, डोळ्यांपुढे धरून बघितली, दिव्यावर अंडं धरतात तशी.

वाटी ताटात गेली. कढईत थोडा पाला उरला होता. तो रोजच उरत असणार, आणि रोज तो काकू खायची, कधी चार घास, कधी एक, जेवढा उरेल तेवढा. ते कोणी मोजलं नव्हतं. काका कढई हातात धरून उभे राहिले, याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

पुतणीने ती कढई त्यांच्या हातातून घेतली आणि तिथेच उभ्याने खाल्लं. मीठ घालायचं राहिलं होतं.

सोमवारी आकडा आला. दोन पॉइंट आठ.